चौदा दिवसांची गोळी



ज्या सभागृहात प्रार्थनेच्या वेळी कुजबुजल्याबद्दल मी अनेकदा शिक्षा भोगली, त्याच सभागृहात गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्याख्यानमालेत आजवर इतिहासाचे अभ्यासक बोलले, कवी बोलले, एका वर्षी न्यायमूर्तीही येऊन गेले. मी मोहल्ल्यातला डॉक्टर. चाळीसाहून अधिक वर्षे एकाच दवाखान्यात, बहुधा एकाच खुर्चीवर बसून काढली. चिटणीसांनी पत्रातून ‘आरोग्य आणि जीवनमूल्ये’ असा विषय सुचविला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, असे मी त्यांना नम्रपणे कळविले आणि एका गोळीविषयी बोलण्याची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली. थोड्या आश्चर्याने दिली असावी.

ती गोळी प्रायमाक्वीनची. हिवतापाच्या एका प्रकारात ती चौदा दिवस घ्यावी लागते. तिचा आणि गुरुजींच्या घराचा एक संबंध आहे. तो सांगण्यास त्यांच्या कन्येने मला अनुमती दिली आहे, म्हणूनच आज तो उघड करीत आहे.

हिवतापावर बोलावयाचे तर ते या शहरात बोलणे उचितच आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी नल्लाकुंट्याच्या ‘कोरंटी दवाखान्या’चे नाव ऐकले असेल. तापाच्या त्या इस्पितळाला रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. रॉस हे भारतातच, अल्मोड्याला, जन्मलेले लष्करी डॉक्टर. सिकंदराबादेजवळ बेगमपेठेत त्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूची वाढ होताना पाहिली. त्या डासाला ज्याच्या अंगावर सोडले होते तो हुसेन खान नावाचा रोगी. चावणाऱ्या डासागणिक त्याला एक आणा मिळत असे. रॉस यांना पुढे १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे पुढे काय झाले हे मात्र आम्हांला वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात शिकविले गेले नाही. त्याचा ताप बरा झाला असेल का, तो परत उलटला असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. कारण ताप उतरणे आणि ताप बरा होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा धागा तेथूनच सुरू होतो.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे अनुभवाने ठाऊक होते. थंडी वाजून ताप यावयाचा, घाम येऊन उतरावयाचा, एक दिवस सोडून पुन्हा यावयाचा. कोयनेल घेतले की बरे वाटावयाचे. मग दोन-चार महिन्यांनी, कधी आठ-नऊ महिन्यांनी, तोच ताप पुन्हा उंबऱ्यावर हजर. पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढलेली. लोक म्हणत, ‘ताप अंगात मुरला.’ शास्त्राला या म्हणण्याचा अर्थ लागण्यास फार काळ गेला. डास चावल्यावर जंतू प्रथम यकृतात जातात आणि तेथे वाढतात, हे शॉर्ट आणि गार्नहॅम या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९४८ साली दाखविले. पण व्हायवॅक्स या जातीचे काही जंतू यकृताच्या पेशीत न वाढता नुसते निजून राहतात, आणि पुढे केव्हातरी जागे होतात, हे डोळ्यांनी दिसावयास १९८०चे दशक उजाडावे लागले. रक्ताच्या तपासणीत हे निजलेले जंतू सापडत नाहीत. रोग्याला त्यांची जाणीव नसते. क्लोरोक्वीन हे औषध रक्तातल्या जंतूंना मारते. यकृतात निजलेल्यांना ते स्पर्शही करीत नाही. तेथवर पोचणारे औषध म्हणजे प्रायमाक्वीन.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जावा जपानच्या हाती पडले आणि सिंकोन्याच्या सालीचा, म्हणजे कोयनेलचा, मोठा पुरवठा तुटला. त्यानंतर अमेरिकेने हिवतापावरील औषधांचा जो प्रचंड शोध आरंभिला, त्यातून हे औषध निघाले. कोरियातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना १९५० नंतरच्या त्या वर्षांत ते मोठ्या प्रमाणावर दिले गेले. रोज १५ मिलिग्रॅम, चौदा दिवस. त्याआधी त्याच्या चाचण्या इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर झाल्या. कैद्याची संमती ही खरोखर संमती असते काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही त्याचे उत्तर सुखाने देता येत नाही. परंतु आपण आज ज्या ज्ञानाच्या आधारे ही गोळी सुरक्षितपणे देतो, त्याचा मोठा भाग त्या कैद्यांच्या रक्तातून मिळालेला आहे. हे ऋण आपल्याला ठाऊक असावे, एवढेच.

त्या चाचण्यांत असे आढळले की बहुतेकांना गोळीचा काहीही त्रास होत नाही. पण काहींच्या रक्तातील तांबड्या पेशी दोन-तीन दिवसांतच फुटू लागतात, लघवी काळपट होते, डोळे पिवळे होतात. मग संशोधकांनी एक फार साधा आणि फार सुंदर प्रयोग केला. त्रास होणाऱ्या माणसाच्या पेशींवर खूण करून त्या निरोगी माणसाच्या अंगात सोडल्या आणि त्या निरोगी माणसाला गोळी दिली. फुटल्या त्या पाहुण्या पेशी. घरच्या तशाच राहिल्या. म्हणजे दोष शरीरात नव्हता, औषधातही नव्हता. पेशीतच काहीतरी उणे होते. ते उणे काय, हे १९५६ साली कळले. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज नावाचे एक विकर आहे. आम्ही डॉक्टर त्याला जी-सिक्स-पी-डी म्हणतो. हे विकर तांबड्या पेशीला गंज चढू देत नाही, असे समजा. ज्यांच्या पेशीत ते जन्मतःच कमी असते, त्यांना एरवी बहुधा काहीही होत नाही. ते शाळेत जातात, क्रिकेट खेळतात, लग्ने करतात, म्हातारे होतात. प्रायमाक्वीनसारखे एखादे औषध पोटात गेले म्हणजे ते उणे उघडे पडते. कपाटात ठेवण्याच्या डांबरगोळ्यांनीही अशा मुलांना बाधा होऊ शकते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हा दोष आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या पारशी समाजात तो पुष्कळ आढळतो, हे १९६३ सालीच प्रसिद्ध झाले. मध्य भारतातील व इतरत्रच्या काही आदिवासी समाजांतही त्याचे प्रमाण बरेच आहे, आणि थोड्याफार प्रमाणात तो सर्वांतच आहे. भारतात जे प्रकार मुख्यत्वे सापडतात, त्यांपैकी एकाच्या नावात तर आपले कल्याण आहे, ठाणे जिल्ह्यातले. या दोषाची वाट आईकडून मुलाकडे जाते. म्हणून मुलांत तो अधिक उघड होतो. मुलींत बहुधा झाकलेला राहतो, पण राहतोच असे नाही. यामुळेच मुलाला ही गोळी देताना आईला विचारावे लागते, ‘तुमच्या भावाला कधी औषधाने लघवी काळी झाली होती का?’

हा प्रश्न मी एकदा विचारला नाही. ती हकीकत आता सांगतो.

१९८१चा पावसाळा. मला दवाखाना उघडून दोन वर्षे झाली होती. देशात हिवतापाचा जोर होता. १९६५च्या सुमारास वर्षाला लाखभर रोग्यांपर्यंत खाली आलेला हा रोग १९७६ साली ६४ लाखांवर गेला होता आणि पुरता ओसरला नव्हता. गुरुजींच्या कन्या माहेरपणाला आल्या होत्या. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला थंडी वाजून ताप आला. गुरुजी स्वतः त्याला घेऊन माझ्याकडे आले. आपल्या हाताखालून गेलेला मुलगा डॉक्टर झाला, याचे त्यांना कौतुक होते. आणि ते कौतुक मला त्या दिवशी जरा अधिकच जाणवत होते. रक्त तपासले, व्हायवॅक्स निघाला. त्या काळी सरकारी दवाखान्यांत प्रायमाक्वीन पाच दिवस देण्याची पद्धत होती. मी नवा, पुस्तके ताजी. मी चौदा दिवस लिहिली. मुलाचे वजन केले, मात्रा वजनाप्रमाणे बरोबर काढली, आणि आईला बजावले, ‘ताप गेला तरी गोळी सोडायची नाही. एकही दिवस चुकवायचा नाही.’ गुरुजी म्हणाले, ‘काळजी करू नकोस, मी स्वतः देईन.’

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. घरच्यांना वाटले, औषधाची उष्णता. धने-जिऱ्याचे पाणी दिले, सब्जा दिला. आणि गोळी? गोळी चालूच. कारण मी सांगितले होते, एकही दिवस चुकवायचा नाही. गुरुजी सकाळी न्याहारीनंतर घड्याळ पाहून गोळी देत. पाचव्या दिवशी दिली, सहाव्या दिवशी दिली. सहाव्या दिवशी संध्याकाळी मूल जिना चढताना मध्येच बसले. ओठ पांढरे, डोळे पिवळे, छातीत धडधड. तेव्हा त्याला माझ्याकडे आणले. हिमोग्लोबिन पाचाच्या आसपास आले होते.

त्या रात्री त्याला इस्पितळात ठेवले, रक्त दिले, मूत्रपिंडांवर नजर ठेवली. रक्त देण्यासाठी आपल्याच शाळेचे दोन माजी विद्यार्थी पहाटे सायकलवर आले होते. त्यांपैकी एक आज समोर बसले आहेत, त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. मूल वाचले. दहा-बारा दिवसांनी घरी गेले. इस्पितळाच्या ओसरीवर मी आईला अखेर तो प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘हो दादा, माझ्या भावाला लहानपणी असंच झालं होतं. कसल्याशा गोळ्या होत्या. तेव्हा कावीळ म्हणाले होते.’ घरातल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत होती. मला ती कळावयास अर्धे मिनिट पुरले असते.

गुरुजी गणित शिकवीत, हे आपणांस ठाऊकच आहे. नुसते उत्तर लिहिले तर ते गुण देत नसत; रीत मागत. पुढे एकदा ते माझ्या दवाखान्यात येऊन बसले आणि त्यांनी मला जणू फळ्यापाशी उभे केले. म्हणाले, ‘तू मला दोन वाक्यं सांगायला हवी होतीस. एकच सांगितलंस. मी ते तंतोतंत पाळलं.’ आवाजात राग नव्हता. मी मान खाली घालून ऐकले. मी त्यांना ‘गोळी सोडू नका’ हे सांगितले होते. ‘लघवी काळी झाली तर त्याच क्षणी गोळी सोडा’ हे सांगितले नव्हते. आज्ञाधारक घरात अर्धी सूचना किती घातक ठरते, हे मी त्या घरात पाहिले. बेपर्वा घरात गोळी चौथ्या दिवशी आपोआप सुटली असती आणि मूल कदाचित इतके खालावले नसते.

यानंतर मी जे केले ते मात्र याहून कमी चुकीचे नव्हते, आणि ते मला कोणी सांगावे लागले नाही इतके दिवस. मी घाबरलो. जवळजवळ दोन वर्षे मी प्रायमाक्वीन लिहिलीच नाही. व्हायवॅक्सच्या रोग्याला क्लोरोक्वीन द्यावयाची, ताप उतरवावयाचा, नमस्कार. माझ्यासारखे करणारे डॉक्टर आजही आहेत. त्यांना मी नावे ठेवीत नाही, कारण त्या खुर्चीत मी बसलो आहे. पालमूरकडून आलेला एक बांधकाम मजूर माझ्याकडे त्या काळात आठ महिन्यांत तीनदा आला. दर वेळी व्हायवॅक्स, दर वेळी चार-सहा दिवसांची मजुरी बुडालेली. तिसऱ्या वेळी त्याची पानथरी बोटांना लागत होती. तो हसत म्हणाला, ‘साब, बुखार मेरा घर देख लिया.’ त्याला दर वेळी नवा डास चावला असेल, हेही शक्य आहे. रक्त पाहून ते सांगता येत नाही. पण मी त्याच्या यकृतात निजलेल्या जंतूंना हात लावला नव्हता, हे मला माहीत होते. त्याला माहीत नव्हते. पुढच्या खेपेला त्याचा मुकादम येऊन सांगून गेला की त्याला कामावरून कमी केले.

तेव्हा प्रश्न गोळी द्यावी की देऊ नये, असा नाही. देण्याची रीत काय, हा आहे. आता ती सांगतो. डॉक्टरांनी काय करावे हे सांगण्याचे हे ठिकाण नव्हे. रोग्याने आणि त्याच्या घरच्यांनी काय मागावे, काय पाहावे, तेवढेच.

रक्ताची तपासणी झाल्यावाचून हिवतापाचे कोणतेही औषध घेऊ नये. पूर्वी नुसत्या तापावर क्लोरोक्वीन देत असत; तो काळ गेला. तपासणीचे उत्तर ‘हिवताप आहे’ एवढेच असून भागत नाही. कोणत्या जातीचा, हे विचारा. कारण व्हायवॅक्सला प्रायमाक्वीन चौदा दिवस आणि फॅल्सिपेरमला एकच दिवस. २०१३च्या राष्ट्रीय औषध धोरणाप्रमाणे फॅल्सिपेरममध्ये आर्टिमिसिनिन वर्गाच्या संयुक्त औषधाबरोबर दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनची एकच मात्रा असते. ती एक मात्रा रोग्याला बरे करण्यासाठी नसतेच. ताप त्या दुसऱ्या औषधाने जातो. ही मात्रा रक्तातल्या त्या रूपांना मारते जी डासाच्या पोटात जाऊन वाढतात. रॉस यांनी बेगमपेठेत पाहिली ती वाट, हुसेन खानाकडून डासाकडे जाणारी. म्हणजे ही गोळी शेजाऱ्यासाठी घ्यावयाची. औषधांच्या सबंध पेटीत अशी गोळी विरळाच, आणि मला तिचे कौतुक वाटते. पण एकाच घरात दोघांना हिवताप असला आणि एकाला एक दिवस व दुसऱ्याला चौदा दिवस गोळी असली, म्हणजे घोटाळे होतात. चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावयाच्या गोष्टी या: घरात, विशेषतः आईच्या बाजूला, कोणाला औषधाने लघवी काळी झाली होती का, जन्मल्यावर मुलाला मोठी कावीळ होऊन रक्त बदलावे लागले होते का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, स्त्री असेल तर दिवस गेले आहेत का, अंगावर पिणारे मूल आहे का. गर्भवती स्त्रीला ही गोळी देत नाहीत. तिच्या स्वतःच्या रक्तात दोष नसला तरी पोटातल्या बाळाच्या रक्ताची खात्री कोण देणार? तिला त्या काळात क्लोरोक्वीन चालते. निजलेल्या जंतूंचा समाचार बाळंतपणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने. तान्ह्या मुलांनाही ही गोळी देत नाहीत. आणि जी-सिक्स-पी-डीची तपासणी होऊ शकत असेल तर ती करून घ्यावी. १९८१ साली ती कोठे पाठवावी हे मला ठाऊक नव्हते. आता बोटाच्या टोकाचा थेंब घेऊन काही मिनिटांत ती करता येते, मात्र सर्वत्र नाही. एक बारकी गोष्ट: पेशी फुटल्यानंतर लगेच ही तपासणी केली तर ती खोटा दिलासा देऊ शकते. दुबळ्या जुन्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत विकर बऱ्यापैकी असते. तीन-एक महिन्यांनी पुन्हा करावी लागते. गुरुजींच्या नातवाची पहिली तपासणी निर्दोष आली होती.

तपासणीत दोष निघाला तर गोळी कायमची बाद, असेही नाही. काही जणांना आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मोठी मात्रा देण्याची पद्धत आहे. परंतु ती रक्तावर नजर ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरी बसून हा हिशेब कोणी करू नये.

आता पोटात घेण्याविषयी. गोळी उपाशीपोटी घेऊ नये. पोटात कळा येतात, मळमळते, आणि तेवढ्यासाठी पुष्कळ लोक ती सोडून देतात. जेवणानंतर घ्यावी. मात्रा वजनावर असते, वयाच्या अंदाजावर नसते. बाजारात प्रायमाक्वीनच्या अडीच, साडेसात आणि पंधरा मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, आणि दुकानदाराने साडेसातऐवजी पंधराची दिली तर मुलाला दुप्पट मात्रा जाते. पाकिटावरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहा. हे काम घरातले शाळकरी मूलही करू शकते. गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत. शेजाऱ्याला उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. आणि मुळात गोळ्या उरल्याच का, हे मी त्यांना आधी विचारीन. हिवतापाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. क्लोरोक्वीनच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाचा प्राण घेऊ शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भयाने तिच्या बहिणीवर, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर, लोकांची जी झुंबड उडाली आणि सरकारला तिच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले, ते आपण पाहिलेच आहे. त्या दिवसांत माझ्याकडे शिकलेले, चांगले शिकलेले लोक ‘दहा गोळ्या घरात असू द्याव्या’ म्हणून चिठ्ठी मागावयास येत.

आणि आता ती दोन वाक्ये. गोळी चौदा दिवस पुरी करावयाची, ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी. आणि रोज लघवीचा रंग पाहावयाचा. ती कोऱ्या चहासारखी, कोकमाच्या सरबतासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, ओठ निळसर झाले, धाप लागली, तर पुढची गोळी घ्यावयाची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावयाचा, उद्या नव्हे. येताना गोळ्यांचे पाकीट बरोबर आणावयाचे. क्लोरोक्वीन घेताना अंगाला खाज सुटणे, तोंड कडू होणे, थोडे मळमळणे हे त्रास असतात, पण त्यासाठी घाबरून सर्व औषधे बंद करण्याचे कारण नाही, विचारावे. लघवीच्या रंगाचा पहिला पहारा पहिल्या आठवड्यात करावा, कारण बहुतेक वेळा जे व्हावयाचे ते तेव्हाच होते.

१९८३ सालापासून माझ्या टेबलावर एक रबरी शिक्का आहे. मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तीन भाषांत ही दोन वाक्ये त्यावर आहेत. प्रायमाक्वीन लिहिली की चिठ्ठीच्या मागे तो उमटवावयाचा. उर्दूचा मजकूर शाळेतल्याच एका जुन्या शिक्षकांनी सुधारून दिला. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘लघवी’साठी जो शब्द होता तो, त्यांच्या मते, सभ्य घरात वाचता येण्यासारखा नव्हता. शिक्का तीनदा झिजला, तीनदा नवा केला. जे वाचू शकत नाहीत त्यांना मी समोर ठेवलेला कोऱ्या चहाचा पेला दाखवितो. त्या पेल्याचा उपयोग शिक्क्यापेक्षा अधिक झाला असावा, असा माझा समज आहे.

चौदा दिवस हे फार लांब आहेत, याबद्दल दुमत नाही. २०१८ साली अमेरिकेत टॅफेनोक्वीन नावाच्या, एकाच मात्रेत हे काम करणाऱ्या औषधास मान्यता मिळाली; परंतु ते एकदा पोटात गेले की आठवडेच्या आठवडे अंगात राहते, चौथ्या दिवशी बंद करण्याची सोय त्यात नाही, म्हणून त्याआधी विकराची मोजून तपासणी केलीच पाहिजे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रायमाक्वीनचा दुप्पट मात्रेचा सात दिवसांचा क्रमही मान्य केला. गोळ्या कमी होत चालल्या आहेत आणि त्याबरोबर तपासणीचे महत्त्व वाढत चालले आहे. आपल्या देशाने २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करण्याचे ठरविले आहे. फॅल्सिपेरम कमी झाला की मागे उरतो तो व्हायवॅक्स, आणि तो यकृतात निजून राहण्यात तरबेज आहे.

मुख्याध्यापिकाबाईंनी मघाशी चहा घेताना मला विचारले की शाळेने यात काय करावे. शाळेच्या आरोग्यपत्रिकेत रक्तगटाचा रकाना आहे. त्याच्याखाली ‘औषधाने पूर्वी झालेला त्रास, स्वतःला किंवा मामाला’ असा एक रकाना वाढवावा, ही माझी विनंती आहे. आई-वडील तो भरताना एकमेकांना विचारतील, घरी फोन करतील, आणि कोणाच्या तरी घरातली एक विसरलेली गोष्ट कागदावर येईल.

तो मुलगा आता पंचावन्नाच्या घरात आहे. पुण्याला असतो. त्याच्या पाकिटात पोस्टकार्डाच्या पाव आकाराचा, पारदर्शक वेष्टनातला एक कागद आहे. त्यावर कोणती औषधे चालत नाहीत हे लिहिले आहे. अक्षर गुरुजींचे आहे. शाई फिकट झाल्यामुळे त्याने मध्यंतरी तो टंकलिखित करून घेतला, पण मूळ कागद टाकला नाही. दोन्ही एकत्र ठेवतो.

 कोऱ्या चहाचा तो पेला मी आज सोबत आणला आहे. जाताना टेबलावर तो पाहून जावा.